घर एकाचं, कर्ज दोघांचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घटस्फोटाची बातमी आली की तिच्यात आकडा असतो तो पोटगीचा. कोणी किती कोटी दिले, कोर्टानं किती लाख ठरवले, मग चार दिवस सोसायटीच्या ग्रुपवर आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांमध्ये तीच चर्चा, बायका लुटतात की नवरे फसवतात. पण त्या दोघांच्या नावावर जे कर्ज होतं त्याचं काय झालं, हे विचारलेलं मी तरी आजवर ऐकलं नाही. मी एका सहकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली १९ कर्ज विभागात. आता रिटायर होऊन नाशिकच्या इंदिरानगरला घरी असते, म्हणून मला हाच प्रश्न आधी सुचत असेल. पण गेल्या दोन वर्षांत आमच्याच घरात जे झालं ते बघून वाटलं की लिहावं. लांबलं तर कापा, पण मधला हिशोब तेवढा कापू नका.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नाव लिहीत नाही, तीच म्हणाली मावशी लिही पण माझं नाव नको. २०१६ ला तिनं आणि नवऱ्यानं पाथर्डी फाट्याकडे टू बीएचके घेतला, ३५ लाखांना. २८ लाख कर्ज, ७ लाख घरचे. या ७ मधले ३ तिच्या सासऱ्यांनी दिले, २ माझ्या मेव्हण्यांनी म्हणजे तिच्या वडिलांनी, आणि उरलेले २ हिनं आपल्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून स्वतःच्या नावावर सोनेतारण काढून उभे केले. जावयाचा एकट्याचा पगार २८ लाखाला पुरत नव्हता म्हणून होमलोनला हिला सहकर्जदार केलं, पगाराच्या स्लिपा दिल्या, सह्या केल्या, पंचवीस-तीस ठिकाणी सह्या असतात कोण वाचतंय, आणि मीही तिला वाचायला लावलं नाही, स्वतः कर्ज विभागात असून. अ‍ॅग्रीमेंट मात्र जावयाच्या एकट्याच्या नावावर झालं. का, तर बिल्डरकडे बुकिंग त्याच्या नावानं होतं, आता बदलत बसायला वेळ नाही, नंतर नाव लावू. ते नंतर काही आलं नाही.

इथं एक गोष्ट लोकांना माहीत नसते ती सांगते. घरात ज्याचं नाव मालक म्हणून आहे त्याला बँका कर्जात घेतातच, सहसा सोडत नाहीत. उलटं मात्र नाही. कर्जात नाव आहे म्हणून घरात नाव असेलच असं अजिबात नाही, बँकेला त्याच्याशी घेणंदेणं नसतं, तिला वसुलीला आणखी एक माणूस मिळाला की झालं. म्हणजे माझी भाची २८ लाखांची पूर्ण कर्जदार होती आणि घराची शून्य मालक. सात वर्षं तिला हे जाणवलंही नाही, कारण संसार चालू असताना कोण असं बघतं. हप्ता त्याच्या खात्यातून जायचा, आणि किराणा, दूध, गॅस, मुलीची फी, कामवाली, आजारपणं, दिवाळी हे सगळं हिच्या पगारातून. दोघांनी मिळून तशी वाटणीच केली होती, चांगल्या मनानं. पुढे कोर्टात कागद दाखवायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे हप्त्यांचं सात वर्षांचं स्टेटमेंट निघालं आणि हिच्याकडे काय, तर कुठं कुठं यूपीआयनं दिलेले दूधवाल्याचे पैसे. मेथीच्या जुडीची पावती कोण ठेवतं हो.

२०२३ मध्ये संमतीनं घटस्फोट झाला. मारहाण वगैरे काही नव्हतं, पटत नव्हतं, वर्षभर वेगळे राहत होते, म्हटलं बरं झालं भांडण न होता सुटले. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या अटींमध्ये, लिहिलं की फ्लॅट पतीचा, फ्लॅटवरील कर्जाची संपूर्ण जबाबदारी पतीची, पत्नीस एकरकमी पोटगी ६ लाख, मुलगी आईकडे, फी अर्धी अर्धी. सगळ्यांनी सह्या केल्या. मी सुद्धा वाचलं आणि वाक्य चांगलं वाटलं, संपूर्ण जबाबदारी पतीची.

पुढच्याच वर्षी त्याची अंबडमधली नोकरी गेली. तीन हप्ते थकले. आणि फोन आला हिला, ऑफिसमध्ये, दुपारी जेवताना. ती म्हणाली अहो आमचा डिव्होर्स झालाय, कर्ज त्यांच्याकडे आहे. पलीकडचा पोरगा म्हणाला, मॅडम तुमचा डिव्होर्स साहेबांशी झालाय, बँकेशी नाही.

तो उद्धट बोलला असं भाचीला वाटलं, पण चुकीचं काही बोलला नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ आहे, दोघांनी मिळून देणं कबूल केलं असेल तर घेणेकरी दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण पैसे मागू शकतो. निम्मे नाही, पूर्ण. ज्यानं भरले त्यानं मग दुसऱ्याकडून वसूल करावेत, तो त्यांचा आपसातला मामला. कोर्टातल्या तुमच्या तडजोडीत बँक पार्टी नसते, तिनं सही केलेली नसते, म्हणून ते वाक्य नवराबायकोला बांधून ठेवतं, बँकेला नाही. हिनं हप्ते भरले असते तर त्या कन्सेंट टर्म्सच्या जोरावर त्याच्याकडून मागता आले असते खरे, पण ते परत कोर्टात जाऊन, आणि ज्याची नोकरी गेलीय त्याच्याकडून. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए म्हणजे थकीत धरलं जातं, मग तारण घर ताब्यात घ्यायच्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस, आणि सिबिलच्या, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, रिपोर्टवर थकलेल्या प्रत्येक महिन्याचा डाग दोघांच्याही नावापुढे सारखाच पडतो. हिनं स्कूटीसाठी कर्ज मागितलं ते नामंजूर झालं तेव्हा आम्हाला सगळं नीट कळलं.

खरं सांगायचं तर त्या पोराचं वाक्य माझ्या ओळखीचं होतं. टेबलाच्या अलीकडे बसून मी स्वतः कितीतरी जणींना हेच सांगितलंय, शब्द थोडे सौम्य असतील. कोर्टाची ऑर्डर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बायका यायच्या, मॅडम जज साहेबांनी लिहून दिलंय बघा. मी म्हणायचे बरोबर आहे ताई पण आमचा त्याच्याशी संबंध येत नाही. त्या निघून जायच्या आणि मी पुढची फाईल उघडायचे. आता त्या पिशव्या आठवतात.

बरं, कर्जाचं असं, मग मालमत्तेचं काय? तर आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात नवराबायकोची संसारात जमवलेली मालमत्ता घटस्फोटाच्या वेळी वाटून द्यायची अशी सोयच नाही. बऱ्याच लोकांना वाटतं, निम्मं मिळतं. टीव्हीवर बघून वाटत असेल. निम्मं बिम्मं काही नाही. ज्याचं नाव कागदावर त्याची वस्तू. १९५५ च्या त्या कायद्यात कलम २५ आहे ते कायमच्या पोटगीचं, आणि कलम २७ मध्ये लग्नात किंवा लग्नाच्या आसपास भेट आलेल्या आणि दोघांच्या मिळून असलेल्या वस्तूंबद्दल कोर्ट ठरवू शकतं, म्हणजे भांडी, कपाट, फ्रीज अशातलं. फ्लॅट त्यात कुठं बसणार. फ्लॅटवर हक्क सांगायचा तर मी यात पैसे घातले हे पुराव्यानं दाखवावं लागतं. फॅमिली कोर्टात नवराबायकोच्या मालमत्तेचा दावा चालतो, आपल्या नाशिकला फॅमिली कोर्ट आहे त्यामुळे दिवाणी कोर्टाच्या वेगळ्या खेपा वाचतात, पण पुरावा तर आणावाच लागतो ना.

शेजारी गोव्यात वेगळं आहे. तिथं पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा चालतो आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरतात, निम्मी निम्मी, आणि एकाला घर विकायचं तर दुसऱ्याची सही लागते. इथून रातराणीनं गोव्याला पोचलं की कायदा बदलतो, मजाच आहे. आपल्याकडेही प्रयत्न झाला होता. २०१० च्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून बायकोला वाटा देण्याची तरतूद आणायचं चाललं होतं, २०१३ मध्ये राज्यसभेत ते पासही झालं, आणि २०१४ ला लोकसभा बरखास्त झाली तसं ते बाद झालं. मद्रास हायकोर्टानं २०२३ मध्ये एका निकालात म्हटलं की घर सांभाळणाऱ्या बायकोच्या कष्टावरच नवरा बाहेर कमावतो, तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा सारखा वाटा आहे. चांगला निकाल आहे, पण तामिळनाडूतला, आणि प्रत्येक बाई हायकोर्टापर्यंत जाणार आहे थोडीच.

आता तो हिशोब. पेन घेऊन बसा.

२८ लाख कर्ज, २० वर्षं मुदत, साडेआठ टक्के धरा, हप्ता येतो साधारण २४ हजार ३००. पहिल्या हप्त्यात व्याज असतं जवळजवळ १९ हजार ८०० आणि मुद्दल जेमतेम साडेचार हजार. सात वर्षं भरले म्हणजे वीस लाखांच्या वर गेले, पण कर्ज उतरलं फक्त पाचएक लाखांनी, बाकी राहिलं २३ लाख. म्हणून घटस्फोटाच्या वेळी नवरा म्हणतो मी वीस लाख भरले, त्याचं खरं असतं, पण त्यातले पंधरा लाख म्हणजे व्याज, म्हणजे एका अर्थानं त्या घरात दोघं आणि लेकरू सात वर्षं राहिले त्याचं भाडंच, आणि त्याच सात वर्षांत तिघांचं खाणंपिणं हिनं केलं. फ्लॅटचा भाव तेव्हा झाला होता ५० लाख. त्यातून २३ कर्जाचे वजा करा, राहिले २७. ज्यानं त्यानं सुरुवातीला घातलेले आधी परत द्या, त्याच्याकडचे ३ आणि हिच्याकडचे ४. राहिले २०. दहा दहा. म्हणजे तिचे १४ आणि त्याचे १३, आणि त्या १४ मधून तिनं आपलं सोनेतारण फेडायचं. हे माझं गणित, कोर्टाचं नाही, कोणी म्हणेल हप्ते त्यानं भरले त्याला थोडं जास्त द्या, द्या बापडे, ११ आणि ९ करा. पण प्रत्यक्षात तिला मिळाले ६, आणि तेही पोटगी म्हणून. स्वतःच्याच पैशातले थोडे परत मिळाले आणि नातेवाईकांत नाव झालं की हिनं नवऱ्याकडून सहा लाख घेतले.

मला राग आहे तो या शब्दाचा. पोटगी ही गरजेवर ठरते, कमावण्याच्या ताकदीवर ठरते. वाटणी ही वेगळी गोष्ट आहे, ती आपल्या घातलेल्याची असते. दोन्ही एकाच रकमेत कालवून टाकलं की बाई मागतेय असं दिसतं.

आता ज्यांचं चालू आहे त्यांच्यासाठी, बँकेच्या बाजूनं सांगते. संमतीच्या घटस्फोटात, त्याच हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब, अर्ज केल्यापासून सहा महिने थांबायचं असतं आणि मग दुसऱ्यांदा दोघांनी येऊन सांगायचं असतं. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सगळं मिटलेलं असेल, एकत्र येण्याची आशा नसेल तर हा काळ माफ होऊ शकतो. तेव्हापासून ज्याला त्याला तो माफ करून हवा असतो, मीही समजू शकते, कोणाला त्यात रेंगाळायचंय. पण कर्ज असेल तर ते सहा महिने सोन्यासारखे आहेत. त्या काळात बँकेत दोघांनी मिळून जायचं आणि लेखी अर्ज द्यायचा की एकाचं नाव कर्जातून कमी करा. कर्जात जो राहणार त्याचा पगार बँक नव्यानं तपासेल, पुरत नसेल तर दुसरा जामीन मागेल, किंवा दोन-चार लाख आत्ता भरा म्हणेल, किंवा तो दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर कर्ज फिरवून घेईल. ते पत्र हातात आलं की मगच दुसऱ्या तारखेला सही. आणि बँक नाही म्हणाली तर समजून जायचं की याला एकट्याला हे घर झेपत नाही, मग विका. विकताना घेणाऱ्याच्या बँकेकडून आधी जुनं कर्ज फेडलं जातं आणि उरलेल्याचे दोन वेगळे डीडी काढता येतात, हे तडजोडीच्या अटींत तसं लिहून घ्यायचं, तारखेसकट, आणि तारीख चुकली तर काय तेही. "कर्ज पती फेडेल" हे वाक्य नुसतं लिहिण्यात अर्थ नाही, माझ्या अनुभवावरून सांगते.

दुसरं, घर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायचं ठरलं असेल तर ते डिक्रीच्या, म्हणजे घटस्फोटाच्या शेवटच्या हुकमाच्या, आधी करा. राहतं घर किंवा शेतजमीन नवराबायकोनं एकमेकांना बक्षीसपत्रानं दिली तर महाराष्ट्रात त्याला स्टॅम्प ड्युटी २०० रुपये आहे. डिक्री झाल्यावर तुम्ही नवराबायको राहात नाही, मग ही सवलत बसत नाही आणि दोन-अडीच लाखांचा भुर्दंड कोणी भरायचा यावरून नवं भांडण. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आधी लागेलच. आणि जॉइंट खातं, क्रेडिट कार्डचं अ‍ॅड-ऑन, एलआयसीचं नॉमिनेशन हेही बघा, घटस्फोट झाला म्हणून नॉमिनीचं नाव आपोआप काही पुसलं जात नाही.

सोन्याबद्दल तर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. स्त्रीधन बाईचं एकटीचं, नवऱ्याची त्यात भागीदारी नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ लाच सांगितलं आणि २०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात परत सांगितलं, की अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं तरी परत देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. कायदा इतका स्पष्ट. पण दागिने कुठं असतात, तर सासूबाईंच्या लॉकरमध्ये, सुरक्षित म्हणून. बिलं कुठं असतात, तर वडिलांच्या कपाटात, सराफ बाजारातल्या पावत्या, शाई उडालेल्या. आमच्याकडे लग्नाच्या अल्बममधून फोटो काढून यादी केली, ठुशी, तोडे, राणीहार, आणि सासू म्हणाली तोडे आमच्याकडून घातलेले होते. घातले म्हणजे दिले ना? हे वाद फॅमिली कोर्टात रोज चालतात आणि सगळ्यात जास्त मनस्ताप याच्यातच होतो, फ्लॅटपेक्षा सुद्धा.

हे सगळं पगारदारांचं झालं. निफाडकडची एक मुलगी आमच्या शेजारी भाड्यानं राहते, बारा वर्षं सासरच्या द्राक्षबागेत राबली. खरड छाटणी, विरळणी, डिपिंग, हिवाळ्यात पहाटे बागेत शेकोट्या, सगळं. बाग सासऱ्याच्या नावावर, सातबारा सासऱ्याचा. नवऱ्याच्याच नावावर काही नाही मग हिला कुठून असणार. पण बचत गटातून घेतलेलं कर्ज हिच्या नावावर, ते गेलं औषधं-फवारणीत, आणि नवऱ्यानं पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाला जामीनदार म्हणून सही हिची. ती निघाली तेव्हा बागेतला एक घड तिचा नव्हता आणि कर्ज मात्र दोन्ही तिच्या मागं आली. आता इथं मेसचे डबे करते आणि गटाचा हप्ता भरते, गटातल्या बायकांना तोंड दाखवायचं म्हणून.

आणि हे आपल्याच जिल्ह्यात. चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये शेतकरी महिलांचं ते मोठं अधिवेशन झालं, मी तेव्हा नोकरीला नवीन होते, एसटी भरून बायका गेलेल्या आठवतात. त्यातूनच पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती चालवली, नवऱ्यानं आपल्या खुशीनं थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. कितीतरी शेतकऱ्यांनी केलीही. नंतर सरकारनंही बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायची सोय केली, तीही लक्ष्मीमुक्ती याच नावानं. किती जणांच्या घरात हे माहिती आहे? तलाठ्याकडं अर्ज करायचा असतो. पण खुशीचा मामला, आणि खुशी असते तेव्हा गरज वाटत नाही, गरज पडते तेव्हा खुशी उरलेली नसते.

एकाच बाजूचं लिहितेय असं वाटू नये म्हणून हेही. २०२१ पासून आपल्या राज्यात बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे. त्यामुळे ५० लाखाच्या घरात ५० हजार वाचतात म्हणून लोक बायकोच्या नावानं घेतात. माझ्या मैत्रिणीच्या मुलानं सातपूरला नोकरी करून असंच घेतलं, कर्जात मुख्य नाव त्याचं, घर तिच्या नावावर, दोन वर्षांत बिनसलं. ती घरात राहते, हा आईकडं म्हसरूळला, आणि हप्ता याचा पगार झाला की ३ तारखेला कापला जातो. सोडला तर याचंही सिबिल जातं. म्हणजे कागदावर नाव कोणाचं यावर सगळं ठरणार असेल तर कधी बाई मरते कधी पुरुष. वकिलानं त्याला सांगितलं पैसे मी भरले हे दाखवून दावा लावता येईल, ती म्हणणार मला भेट दिलं. चालू द्या मग दहा वर्षं.

लपवाछपवीचंही थोडं. सुप्रीम कोर्टानं २०२० पासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं सक्तीचं केलंय. चांगलं केलं. पण मग घटस्फोट दिसायला लागला की काही लोक अचानक पर्सनल लोन काढतात, मावसभावाकडून हातउसने घेतल्याच्या चिठ्ठ्या तयार होतात, हप्तेच इतके आहेत पोटगी कुठून देऊ. असं स्वतःहून वाढवलेलं देणं कोर्टं सहसा मानत नाहीत पण वेळ जातो. मी एकच सांगेन, वकिलाकडं जायच्या आधी आपला क्रेडिट रिपोर्ट, तोच तो सिबिलचा, काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात सहकर्जदार, जामीनदार सगळं येतं. आपण कुठं कुठं सही केलीय ते बघून काहीजणींना घाम फुटतो. आणि वकील परवडत नाही असं म्हणू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं बाईला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे, सीबीएस बस स्टँडजवळ जिल्हा कोर्टात जाऊन चौकशी करा.

माझं मत विचाराल तर सरसकट निम्मं निम्मं मला पटत नाही, दोन वर्षांचं लग्न आणि बावीस वर्षांचं लग्न एका तराजूत कसं घालणार. पण लग्नानंतर संसारातून जे उभं राहिलं ते नाव कोणाचंही असो एकत्र मोजावं, त्यातून ज्याच्या त्याच्या माहेरचं-वडिलांचं बाजूला काढावं, आणि कर्ज कोणी घेतलं हे न बघता कशासाठी घेतलं ते बघावं. घर, मुलांचं शिक्षण, सासूचं ऑपरेशन, हे दोघांचं. शेअरच्या सट्ट्यात, ऑनलाइन रमीत घालवलं, भावाच्या धंद्याला न विचारता दिलं, ते ज्याचं त्याचं. बँकेत आम्ही कर्ज देताना कारणाचा कॉलम भरून घेतो, मग वाटताना तो कॉलम कोणी का बघू नये? आणि माझी एक साधी मागणी आहे, कायदा होईल तेव्हा होईल, पण संमतीच्या अर्जासोबत दोघांचे क्रेडिट रिपोर्ट जोडायला सांगावेत आणि सहकर्जाची नोंद असेल तर बँकेचं पत्र आल्याशिवाय दुसरी तारीख पुढे नेऊ नये. याला संसदेत जायची गरज नाही असं मला वाटतं, वकील मंडळींनी चूक असेल तर दुरुस्त करावं.

भाचीचं शेवटी काय झालं ते सांगते. तिचे पूर्वीचे सासरे एक दिवस माझ्याकडे आले, फाईल घेऊन. पोहे केले, खाल्ले नाहीत. म्हणाले ताई, मला वाटलं कोर्टानं लिहिलं म्हणजे झालं. माणूस वाईट नाही. दोन तास बसून थकीत हप्ते, दंडव्याज सगळं कागदावर मांडलं, त्यांनीच मुलाला तयार केलं, आणि फ्लॅट विकला. कर्ज बंद झाल्याचं पत्र भाचीनं बँकेत जाऊन स्वतःच्या नावानं वेगळं मागून घेतलं. रिपोर्टवर मागच्या तीन वर्षांचा इतिहास दिसतो, म्हणजे ते तीन महिने अजून काही काळ दिसत राहतील, स्कूटीचं आम्ही रोखीनंच उरकलं.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर, नाशिक

ता. क. पाटल्या गेल्या महिन्यात सुटल्या. पतसंस्थेत दरवर्षी व्याज भरून नवं-जुनं करत होती, एकूण व्याज किती गेलं ते मी मोजायला लागले तर म्हणाली मावशी राहू दे. तोडे अजून सासूच्या लॉकरमध्येच आहेत.